शाळेत यंत्र येतं, मिस्त्री येत नाही : पन्नास वर्षांचा हिशेब

पोस्ट लांब आहे. ज्यांची मुलं-नातवंडं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकतात त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचावी, ही विनंती.

सध्या आपल्या भागातल्या शाळांमध्ये मोठाले टचस्क्रीन पॅनेल बसवणं जोरात सुरू आहे. कुठं जिल्हा परिषदेकडून, कुठं आमदार निधीतून, कुठं एखाद्या कंपनीच्या सीएसआरमधून. फीत कापतानाचे फोटो आपण सगळ्यांनीच पाहिले. मला त्याचा आनंदच आहे. खेड्यातल्या पोरांना चांगली वस्तू मिळाली तर कुणाच्या पोटात दुखायचं कारण नाही. पण त्या फोटोंखालच्या शे-दोनशे अभिनंदनांत एकानंही विचारलं नाही, की हे बंद पडलं तर कुणाला बोलवायचं आणि त्याचं बिल कोण देणार?

मला हा प्रश्न आधी सुचतो कारण मी सत्तावीस वर्षं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवलं. वस्तू नवी असते तेव्हा तिच्याभोवती माणसं असतात. ती बिघडते तेव्हा एकटा मिस्त्री असतो, आणि शाळेच्या बाबतीत बहुतेक वेळा तोही नसतो. दुकान मुलाकडे सोपवल्यापासून वेळ मिळतोय, म्हणून सरकारी शाळांमध्ये आजवर कोणकोणती यंत्रं आली आणि त्यांचं पुढं काय झालं, ते वाचत बसलो. जे सापडलं ते मिस्त्रीच्या नजरेनं सांगतो.

आधी रेडिओ, मग टीव्ही

सुरुवात फार जुनी आहे. आकाशवाणीचे शाळांसाठीचे कार्यक्रम १९३०च्या दशकातच सुरू झाले होते आणि त्यात मुंबई केंद्रही होतं. देशात टीव्ही आला १९५९ साली, आणि दोनच वर्षांत, १९६१मध्ये, दिल्लीच्या माध्यमिक शाळांत टीव्हीवरून विज्ञानाचे धडे दाखवायला सुरुवात झाली. प्रयोगशाळा कमी, विज्ञानाचे शिक्षक कमी, म्हणून हा उपाय. आज डिजिटल शिक्षणासाठी जी कारणं सांगतात तीच तेव्हाही होती.

खरा मोठा प्रयोग झाला तो १९७५ साली. विक्रम साराभाईंचं स्वप्न होतं की उपग्रहाचा उपयोग सगळ्यात आधी खेड्याला व्हावा. ते १९७१मध्ये गेले, पण त्यांच्या माणसांनी काम पुढं नेलं. अमेरिकेच्या नासानं एटीएस-६ हा उपग्रह एक वर्षासाठी वापरायला दिला आणि १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात ‘साइट’ नावाचा प्रयोग झाला. आंध्र, कर्नाटक, ओडिशा, बिहार, मध्य प्रदेश आणि राजस्थान या सहा राज्यांतली सुमारे २४०० गावं त्यासाठी निवडली होती. आपला महाराष्ट्र त्यात नव्हता. सकाळी शाळेच्या मुलांसाठी कार्यक्रम, संध्याकाळी मोठ्यांसाठी. सेट घरोघरी नव्हते, गावात मिळून एक, आणि तोही शाळेत नाहीतर पंचायतीत ठेवलेला. छपरावर दहा फुटांची अँटेना, आणि तिची जाळी म्हणजे कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली तारेची जाळी. काही गावांत वीज नव्हती, तिथं सेट बॅटरीवर चालायचे.

आता मिस्त्री म्हणून मला यात काय महत्त्वाचं वाटलं, ते बघा. इस्रोनं हा प्रयोग आखताना कार्यक्रमांच्या बरोबरीनं दुरुस्तीचीही आखणी केली होती. निवडलेली गावं देशभर विखुरलेली नव्हती, त्यांचे सहा गट होते. त्यामुळे प्रत्येक गटासाठी दुरुस्तीची केंद्रं ठेवता आली. तिथं तंत्रज्ञ होते, सुटे भाग होते, फिरायला गाडी होती. प्रत्येक गावात सेटचा एक राखणदार नेमला होता, बिघाड झाला की कळवणं हे त्याचं काम. रस्ते आणि फोनची त्या काळातली अवस्था आठवा. तरीही बहुतांश सेट वर्षभर चालू राहिले. टीव्हीनं शिक्षणात जादू केली असं मी म्हणत नाही. हजेरी किंवा गळतीवर मोठा फरक पडला नाही, असंच नंतरच्या पाहण्यांत दिसलं. पण खेड्यातलं नाजूक यंत्र व्यवस्थित चालू ठेवता येतं, एवढं मात्र पन्नास वर्षांपूर्वी याच देशात सिद्ध झालं. म्हणून ‘आपल्याकडं हे जमायचंच नाही’ असं कुणी म्हटलं की मला राग येतो.

बालचित्रवाणी आणि कपाटातला टीव्ही

पुढं आपला स्वतःचा उपग्रह आला, इन्सॅट. त्याच्या शैक्षणिक कार्यक्रमांसाठी सहा राज्यांत संस्था उभ्या राहिल्या आणि यावेळी महाराष्ट्राचा नंबर लागला. पुण्यात १९८४ साली राज्य शैक्षणिक तंत्रविज्ञान संस्था सुरू झाली. आपण तिला ओळखतो ‘बालचित्रवाणी’ या नावानं. चाळिशीच्या पुढच्या मंडळींना सकाळचे ते कार्यक्रम आठवत असतील. गाणी, गोष्टी, बाहुल्या, विज्ञानाचे सोपे प्रयोग, सगळं मराठीत आणि आपल्या मुलांसाठी केलेलं.

१९८६चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं आणि त्याच्या पाठोपाठ केंद्राच्या पैशातून शाळांना रंगीत टीव्ही आणि टू-इन-वन, म्हणजे रेडिओ-कॅसेट प्लेअर, मिळू लागले. त्याच सुमारास खडू-फळा मोहीम आली. त्यात किमान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि विज्ञानपेटीसकट शैक्षणिक साहित्य द्यायचं ठरलं होतं.

मी तेव्हा नुकतंच दुकान टाकलं होतं. एका शाळेत टीव्ही बघायला बोलावलं म्हणून गेलो. टीव्ही गोदरेजच्या कपाटात, वर कापडाचं आवरण, आवरणावर धूळ. गुरुजी म्हणाले, ‘‘भाऊ, फक्त चालू होतो का तेवढं बघा. माझी बदली झालीय, चार्ज द्यायचाय.’’ टीव्ही सुरू झाला, चित्र उत्तम आलं. गुरुजींनी सुटकेचा श्वास सोडला आणि पुन्हा कुलूप लावलं. त्यांचं काही चुकत होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही. सरकारी शाळेत प्रत्येक वस्तू डेडस्टॉक रजिस्टरला चढते. चार्ज देताना एक वस्तू कमी भरली, मोडली, चोरीला गेली तर विचारणा शिक्षकाला होते, वसुलीची टांगती तलवार त्याच्याच डोक्यावर. दुरुस्तीला मात्र पैसा नाही. अशा वेळी शहाणा माणूस काय करील? वस्तू वापरणारच नाही. वापरली नाही की बिघडत नाही, बिघडली नाही की चौकशी नाही. म्हणून विज्ञानपेट्यांची सीलं वर्षानुवर्षं तशीच राहिली आणि टीव्ही कपाटात गेले. लोक म्हणतात शिक्षकांना उत्साह नाही. मी म्हणतो, नियमच असा आहे की उत्साही शिक्षक अडचणीत येतो आणि कुलूप लावणारा सुखानं निवृत्त होतो.

बालचित्रवाणीचं पुढं काय झालं ते पेपरात आलंच होतं. केंद्राचा पैसा थांबला, पगार रखडले, नवे कार्यक्रम होईनात, आणि २०१७ साली ती बंद करायचा निर्णय झाला. हे साल लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

संगणक आले

संगणकही आपल्याला वाटतो त्यापेक्षा आधी आला. १९८४-८५मध्ये केंद्र सरकारनं ‘क्लास’ नावाचा प्रकल्प काढला आणि देशभरातल्या सुमारे २५० माध्यमिक शाळांपासून सुरुवात केली. यंत्रं आणली होती इंग्लंडची, ‘बीबीसी मायक्रो’. त्यावरचे धडे इंग्रजीत. सुटा भाग गेला तर तो तालुक्याच्या बाजारात मिळायचा प्रश्नच नव्हता. प्रकल्प पुढं वाढला, पण संगणक बहुतेक शाळांच्या रोजच्या वर्गात काही पोचला नाही.

मग २००४. त्या वर्षी दोन मोठ्या गोष्टी झाल्या. २० सप्टेंबरला श्रीहरिकोट्याहून ‘एज्युसॅट’ सुटला, फक्त शिक्षणासाठी सोडलेला आपला पहिला उपग्रह. आणि डिसेंबरमध्ये माध्यमिक शाळांत संगणक कक्ष उभारायची केंद्राची ‘आयसीटी ॲट स्कूल्स’ योजना सुरू झाली.

उपग्रहानं आकाशात आपलं काम केलं. घोटाळा जमिनीवर झाला. अनेक राज्यांत शाळांमधली आणि केंद्रांमधली उपकरणं बंद पडून राहिली, दाखवायला पुरेसे कार्यक्रम नव्हते. नंतर कॅगनं लेखापरीक्षण करून यावर ताशेरे ओढले. उपग्रह श्रीहरिकोट्याहून अचूक सोडता येतो, पण शाळेच्या छपरावरची वाकडी झालेली डिश सरळ करायला माणूस मिळत नाही, ही आपली गंमत.

संगणक कक्षांची गोष्ट वेगळी आहे आणि जास्त शिकण्यासारखी आहे. अनेक राज्यांप्रमाणे आपल्याकडंही त्या योजनेत ‘बांधा, वापरा, हस्तांतर करा’ ही पद्धत आली. म्हणजे कंपनीनं शाळेत कक्ष उभारायचा, पाच वर्षं चालवायचा, शिकवायला माणूस ठेवायचा आणि मग सगळं शाळेच्या ताब्यात द्यायचं. या पद्धतीवर टीका पुष्कळ झाली. कंत्राटी संगणक शिक्षकांना तुटपुंजा पगार, तोही वेळेवर नाही, म्हणून आंदोलनं झाली. पण निदान त्या पाच वर्षांत कक्ष उघडणारा एक माणूस शाळेत होता. मुदत संपली आणि तो घरी गेला. संगणक शाळेचे झाले, म्हणजे डेडस्टॉकला चढले. त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत मी अशा कितीतरी कक्षांत गेलोय. चित्र ठरलेलं. यूपीएसच्या बॅटऱ्या फुगलेल्या, उंदरांनी केबल कुरतडलेल्या, एका संगणकाची रॅम काढून दुसऱ्यात घातलेली. दहांपैकी सहा यंत्रं किरकोळ खर्चात चालू होण्याजोगी असायची. यूपीएसची लहान बॅटरी हजाराच्या आतबाहेर मिळते. पण ते हजार रुपये कोणत्या शीर्षातून खर्च करायचे, हे मुख्याध्यापकाला ठाऊक नसायचं. तीन कोटेशनं आणा, जीएसटीचं बिल द्या, मग बघू. माझ्यासारख्या गल्लीतल्या मिस्त्रीकडं कसलं आलंय जीएसटीचं बिल! बाई स्वतःच्या पर्समधून पैसे काढून द्यायच्या आणि ‘‘भाऊ, कुणाला सांगू नका’’ म्हणायच्या.

केरळनं वेगळं काय केलं

याच काळात केरळनं दुसरा रस्ता धरला. २००१च्या सुमारास त्यांनी ‘आयटी ॲट स्कूल’ प्रकल्प सुरू केला. त्यामागं ज्या कृतिगटाचा अहवाल होता त्याचे अध्यक्ष होते प्रा. यू. आर. राव, इस्रोचे माजी अध्यक्ष. उपग्रहाच्या क्षेत्रात आयुष्य घालवलेल्या माणसानं शाळेच्या संगणकात लक्ष घातलं, हे मला तरी योगायोग वाटत नाही.

त्यांनी तीन गोष्टी नीट केल्या. एक, बाहेरचे कंत्राटी शिक्षक आणण्याऐवजी शाळेतल्याच शिक्षकांना तयार केलं. प्रत्येक हायस्कुलात एका शिक्षकाकडं संगणकांची जबाबदारी आणि जिल्ह्याजिल्ह्यात त्यांना मदत करणारे प्रशिक्षक, तेही शिक्षकच. दोन, विकतच्या सॉफ्टवेअरऐवजी मोफत आणि खुलं सॉफ्टवेअर घेतलं, त्यात मल्याळम घातली. परवान्याचा खर्च वाचला आणि मोडलं तर दुरुस्त करायचं ज्ञान घरात राहिलं. तीन, विद्यार्थ्यांनाच हाताशी धरलं. २०१८मध्ये त्यांनी ‘लिटल काइट्स’ हे विद्यार्थ्यांचे गट सुरू केले. पोरं स्वतः शिकतात आणि शाळेतली उपकरणं सांभाळायला मदत करतात. त्याच वर्षी आठवी ते बारावीचे ४५,००० वर्ग ‘हायटेक’ करायचा कार्यक्रम हाती घेतला, तेव्हा वस्तूंबरोबर दीर्घ मुदतीची वॉरंटी, तक्रार नोंदवायची सोय आणि पुरवठादाराला मुदत, हे सगळं करारातच होतं. आधीच्या प्रकल्पाची २०१७ साली स्वतंत्र सरकारी कंपनी झालेली होती, त्यामुळे मंत्री बदलले तरी काम करणारी माणसं आणि त्यांचा अनुभव टिकला.

केरळची सगळी परिस्थिती आपल्याला लागू होत नाही, हे मला मान्य आहे. त्यांची खेडी शहरांना लागून, आपल्याकडं दुर्गम पाडे, वस्त्या, एक-दोन शिक्षकांच्या हजारो शाळा. पण जबाबदार माणूस नेमायला डोंगरदऱ्या आड येत नाहीत.

लोकवर्गणीची दहा वर्षं

आपल्याकडं जे चांगलं झालं, ते बरंचसं शिक्षकांनी आणि गावांनी केलं. ठाणे जिल्ह्यातल्या पाष्टेपाड्याची शाळा आठवा. डिजिटल शाळा म्हणून ती गाजली आणि राज्यभरातून शिक्षक ती बघायला गेले. २२ जून २०१५ला ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय निघाला आणि मग गावोगावी लाट आली. लोकांनी वर्गण्या काढल्या. यात्रेचा तमाशा रद्द करून प्रोजेक्टर घेतलेली गावं आहेत. माहेरवाशिणींनी पैसे दिले, मुंबई-पुण्याला गेलेल्या पोरांनी दिले. सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले गुरुजी यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणले, पुढं ती कल्पना मोठ्या प्रमाणावर उचलली गेली, आणि डिसेंबर २०२०मध्ये त्यांना १० लाख डॉलरचा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटली. मराठी शाळेचा शिक्षक जगात पहिला आला, आपली छाती फुगली.

पण वर्गणीचं एक आहे. ती नव्या वस्तूसाठी निघते, जुन्या वस्तूच्या दुरुस्तीसाठी निघत नाही. प्रोजेक्टरला गावानं पन्नास हजार हसत दिले. तीन वर्षांनी त्याचा दिवा गेला तेव्हा काही हजारांसाठी पुन्हा वर्गणी मागायला सरांना लाज वाटली. दात्याचं नाव नव्या प्रोजेक्टरवर रंगवता येतं, दिव्यावर कुठं रंगवणार?

त्यात विजेचं बिल. अनेक जिल्हा परिषद शाळांची वीज थकबाकीमुळे तोडल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचतो आहोत. शाळा डिजिटल म्हणून जाहीर झालेली आणि मीटर काढून नेलेलं, असं दोन्ही एकाच शाळेत मी बघितलंय. गंमत म्हणजे २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात शाळेत काय काय असलंच पाहिजे याची यादी आहे. पक्की इमारत, पिण्याचं पाणी, मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह, कुंपण, मैदान, ग्रंथालय. त्या यादीत विजेची जोडणी नाही. संगणक तर नाहीच.

कोरोनानं घेतलेली परीक्षा

मार्च २०२०मध्ये शाळा बंद झाल्या आणि घोषणा झाली, शाळा बंद पण शिक्षण सुरू. क्यूआर कोड होते, ‘दीक्षा’ ॲप २०१७पासून होतं, व्हिडिओ होते. पण ते बघायचे कशावर? ‘असर’च्या पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागात शाळकरी मुलांपैकी २०१८ साली ३६.५ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, २०२०मध्ये ६१.८ टक्के. म्हणजे दोन वर्षांत मोठी वाढ होऊनही दर दहांतली जवळपास चार मुलं बाहेरच. ज्या घरी फोन होता तिथंही तो बापाच्या खिशात, आणि बाप दिवसभर कामावर.

मग आपण कशाकडं वळलो? टीव्हीकडं. जुलै २०२०मध्ये सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ सुरू झाली आणि ती चांगलीही होती. पण मुलांसाठी टीव्हीवर मराठी कार्यक्रम करायचा तीन दशकांचा अनुभव असलेली सरकारची स्वतःची संस्था आपण २०१७ला, म्हणजे जेमतेम तीन वर्षं आधी बंद केली होती. स्टुडिओ गेला तर पुन्हा बांधता येतो. शिकलेली माणसं पांगली की ती गोळा करता येत नाहीत.

आज पैसा कुठं आहे

‘सरकारकडं पैसाच नाही’ हे पूर्ण खरं नाही. समग्र शिक्षा योजनेत सहावीपुढच्या वर्गांच्या शाळेला संगणक कक्षासाठी एकदाच ६ लाख ४० हजार आणि पुढं पाच वर्षं दरवर्षी २ लाख ४० हजारांपर्यंत तरतूद आहे. स्मार्ट वर्गासाठी एकदाच २ लाख ४० हजार आणि चालू खर्चाला वर्षाला ३८ हजार. अर्थात ही कमाल मर्यादा, ती प्रत्येक शाळेला मिळतेच असं नाही, आणि पाच वर्षांनंतर काय, याचं उत्तर पुन्हा नाही.

आणि आपल्या पहिली ते चौथीच्या वस्तीशाळेचं काय? तिला मिळतं संयुक्त शाळा अनुदान. पट ३०पर्यंत असेल तर वर्षाला १० हजार, १००पर्यंत २५ हजार. दहा हजारांना बाराने भागा, महिन्याला ८३३ रुपये पडतात. त्यात खडू, झाडू, फिनेल, रंगरंगोटी, नळाची तोटी, वीजबिल आणि वरून पॅनेलची दुरुस्ती. कोणत्या हेडमास्तरला हे जमेल ते सांगा.

देशाचं चित्र बघायचं तर २०२३-२४च्या यू-डायस प्लसच्या आकडेवारीनुसार ५७.२ टक्के शाळांत संगणक आहेत आणि ५३.९ टक्के शाळांत इंटरनेट. म्हणजे अजून खरेदी होणारच आहे, व्हायलाही पाहिजे. म्हणून तर हा विषय आत्ताच काढायचा.

काहीजण म्हणतील, मुलांना आधीच मोबाईलचं वेड, शाळेत तरी स्क्रीन नको. काहीजण म्हणतील, आधी रिकामी पदं भरा. दुसऱ्यांशी मी शंभर टक्के सहमत आहे, शिक्षकाची जागा कोणतंही यंत्र घेणार नाही. पहिल्यांना एवढंच सांगतो, शहरातल्या इंग्रजी शाळेतलं पोर संगणकावर बोटं चालवतच मोठं होणार आहे. आपल्या पोरानं पहिल्यांदा माऊस धरायचा तो कॉलेजच्या प्रवेशाचा फॉर्म भरताना सायबर कॅफेत, ही स्थिती बदलायची असेल तर शाळा सोडून दुसरी जागा त्याच्याकडं नाही.

मग मागायचं काय

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि शाळेचा विकास आराखडा करायचा अधिकार कायद्यानं त्यांना दिलाय. ग्रामपंचायतीचा आराखडा ग्रामसभेत ठरतो. तिथं उठून बोलायला कुणाची परवानगी लागत नाही. माझ्या मागण्या साध्या आहेत.

१. प्रत्येक तालुक्याच्या गटसाधन केंद्रात निदान एक पूर्णवेळ तंत्रज्ञ हवा. आयटीआयमधून इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक होऊन बाहेर पडणारी पोरं आपल्याकडंच आहेत. समजा महिन्याला २० हजार पगार धरला तर वर्षाचे होतात २ लाख ४० हजार. म्हणजे एका स्मार्ट वर्गाच्या पैशात अख्ख्या तालुक्याचा मिस्त्री. सोबत एक मोटरसायकल आणि सुट्या भागांची पेटी.

२. नवी वस्तू घेताना, देणगीची असली तरी, वॉरंटी किती वर्षं, तक्रार कुठं करायची आणि किती दिवसांत माणूस येणार, हे त्या वस्तूशेजारी भिंतीवर लिहा. वॉरंटी कार्ड तिजोरीत ठेवून उपयोग नाही. फीत कापणाऱ्या पाहुण्यांनी ते मोठ्यानं वाचून दाखवावं.

३. ग्रामपंचायतीच्या आराखड्यात शाळेचं वीजबिल आणि दुरुस्ती यासाठी वेगळी ओळ हवी. रक्कम छोटी चालेल, पण दरवर्षी हवी.

४. वापरताना मोडलेल्या वस्तूसाठी शिक्षकाला जबाबदार धरू नका आणि निकामी वस्तूंचं निर्लेखन दरवर्षी करा. मेलेले संगणक काढले की खोली मोकळी होते आणि कपाटाचं कुलूपही निघतं.

५. सातवी-आठवीच्या चार-पाच पोरापोरींना शाळेची यंत्रं सांभाळायला शिकवा. केबल कशी गुंडाळायची, धूळ कशी काढायची, वळवाच्या पावसात विजा कडाडायला लागल्या की प्लग का काढायचा. हे शिकवायला मी स्वतः शनिवारी सकाळी मोफत यायला तयार आहे. आपल्या भागातल्या इतर मिस्त्री मंडळींनाही विचारतो, नाही म्हणणार नाहीत.

या आठवड्यात एक काम करा. आपल्या गावच्या शाळेत जा आणि सरांना, बाईंना एवढंच विचारा, की किती वस्तू आहेत, त्यातल्या किती चालू आहेत आणि बंद असलेल्या कधीपासून बंद आहेत. दोष द्यायला जाऊ नका, यादी करायला जा. ती यादी मला पाठवा. मी सगळ्या याद्या एकत्र करून गटशिक्षणाधिकाऱ्यांना आणि पंचायत समितीला लेखी देणार आहे. पोचही इथं टाकीन.